खिडक्या पुसणाऱ्याची शिडी

दिवाळी किंवा नाताळ जवळ आला की गावोगावच्या बाजारपेठेत एक दृश्य हमखास दिसते. दुकानाच्या दर्शनी भागाला एक शिडी टेकलेली असते. तिच्या वरच्या टोकाशी एखादा तरुण एका हाताने बादली सावरीत दुसऱ्या हाताने काच पुसत असतो. रस्त्याने जाणारे-येणारे लोक त्या शिडीला वळसा घालून आपापल्या कामास जातात. काच लख्ख झाली की तिच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. शिडीकडे मात्र, ती घसरल्यावाचून, कोणाचेच लक्ष जात नाही.

खिडक्या पुसणे हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पना आपल्या भागात फारशी जुनी नाही. पूर्वीची खिडकी म्हणजे लाकडी झडपा आणि लोखंडी गज. गोव्यातील जुन्या घरांत तर काचेऐवजी चौकोनी कापलेल्या शिंपल्यांच्या अर्धपारदर्शक पापुद्र्यांची तावदाने असत, आणि काही घरांत ती अजूनही आहेत. अशा खिडक्या घरातलीच माणसे आतून झाडून-पुसून घेत. आता पणजी-मडगावात काय किंवा बेळगाव, इंदूर, वडोदरा येथे काय, दुकाने, दवाखाने, बँका आणि नवी घरे ह्यांच्या भिंतींत मोठमोठ्या काचा आल्या. त्यांतील पुष्कळशा न उघडणाऱ्या. त्या बाहेरूनच पुसाव्या लागतात. म्हणून दोघा-तिघांनी मिळून चालविण्याजोगा एक नवा धंदा उभा राहिला.

ह्या धंद्याचे भांडवल थोडे. बादली, साबण, काही कापडे, पाणी ओढून घेणारा रबरी पट्टीचा पुसणा, आणि शिडी. ह्या सर्व सामानात शिडी हीच एक वस्तू अशी आहे की जिच्यावर माणसाचा जीव टेकलेला असतो. आणि बहुधा सर्वांत कमी विचार करून घेतली जाते तीही हीच. दुकानात जाऊन गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारते, "ही किती उंच जाते?"

वस्तुतः हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. शिडी वरून पाहून घ्यावयाची नसते, खालून पाहून घ्यावयाची असते. ती कोणत्या जमिनीवर उभी राहणार, किती उतरती टेकणार, तिचे वरचे टोक कशावर विसावणार, ती कोण वाहून नेणार आणि तिच्यावर कोण चढणार, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की उंचीचे उत्तर जवळजवळ आपोआप मिळते. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला स्वप्नात एक शिडी दिसल्याची कथा आहे. त्या शिडीचा शेंडा आकाशाला भिडला होता, तरी वर्णनात ती जमिनीवर उभी असल्याचा उल्लेख आधी येतो. खिडक्या पुसणाऱ्याने तोच क्रम पाळावा.

प्रथम जमिनीचा विचार. भिंतीला टेकलेली शिडी दोन ठिकाणी आधार घेते. तिचा व तिच्यावरील माणसाचा जवळजवळ सगळा भार पायथ्याकडून जमिनीवर जातो, आणि वरचे टोक भिंतीला रेटते. भिंत त्या रेट्याला तेवढ्याच जोराने उलट ढकलते. त्यामुळे शिडीचा पाय भिंतीपासून दूर, बाहेरच्या बाजूस सरकू पाहतो. त्याला सरकू न देणारी शक्ती एकच, ती म्हणजे पाय आणि जमीन ह्यांच्यामधील घर्षण. हे घर्षण पुरले तर शिडी उभी, न पुरले तर शिडी खाली.

हा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. माणूस ७० किलो वजनाचा आणि शिडी १५ किलोची धरू. शिडीचे वरचे टोक जितक्या उंचीवर टेकले आहे, त्याच्या एक-चतुर्थांश अंतरावर तिचा पाय भिंतीपासून दूर ठेवला आहे. भिंत गुळगुळीत आहे असे हिशेबापुरते मानू. माणूस शिडीच्या मध्यावर असताना पाय बाहेर सरकविणारा रेटा सुमारे ११ किलो वजनाइतका असतो. तोच माणूस टोकाशी पोचला की रेटा सुमारे १९ किलोचा होतो. म्हणजे जी शिडी तळाशी असताना दगडासारखी घट्ट वाटली, तीच माणूस वर पोचल्यावर निसटू शकते. "चढताना काहीच हालली नाही, मग वर गेल्यावर कशी घसरली?" असा प्रश्न अपघातानंतर विचारला जातो. त्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

आता शिडी अधिक उतरती ठेवून पाहू. पाय उंचीच्या एक-चतुर्थांशाऐवजी निम्म्या अंतरावर नेला, तर टोकाशी असलेल्या त्याच माणसामुळे रेटा सुमारे ३९ किलोंपर्यंत चढतो. पहिल्या स्थितीत तो एकूण ८५ किलो वजनाच्या पावपटीहून कमी होता. दुसऱ्या स्थितीत तो निम्म्याच्या जवळ पोचला. कोरड्या, खरखरीत फरशीवर एवढे घर्षण मिळेलही. ओल्या, गुळगुळीत फरशीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ह्याच्या उलट शिडी फारच उभी ठेवली, तर वर असलेला माणूस जरासा मागे झुकताच शिडीसकट मागे कलंडण्याचे भय असते. म्हणून "चार उंचीला एक अंतर" हे प्रमाण जगभर प्रमाण मानले गेले आहे. त्या स्थितीत शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करते. हे मोजण्यास उपकरण लागत नाही. शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहावे व हात खांद्याच्या रेषेत समोर पसरावेत. तळवे शिडीला सहज टेकले तर कोन ठीक आहे.

खिडक्या पुसणाऱ्याला येथे एक अडचण अशी आहे, जी रंगाऱ्याला किंवा विजेच्या कामगाराला नाही. त्याचे कामच मुळी स्वतःच्या शिडीचा पाया ओला करण्याचे आहे. वर काचेवर फिरविलेले साबणाचे पाणी ओघळते, ते भिंतीवरून खाली येते आणि नेमके जेथे शिडीचे पाय टेकलेले असतात त्या बाजूस वाहत जाते. सकाळी कोरड्या असलेल्या फरशीवर दहा वाजेपर्यंत साबणाचा पातळ थर पसरलेला असतो. म्हणून ह्या धंद्यासाठी शिडी घेताना प्रथम तिचे पाय उलटे करून पाहावेत. पायांना रुंद, खाचांचे, मऊ रबराचे बूट असले पाहिजेत; ते झिजल्यावर बदलता आले पाहिजेत; आणि बदलण्याचे बूट त्याच दुकानात मिळतात की नाही हे आधी विचारून घ्यावे. कठीण, चकचकीत प्लास्टिकच्या टोप्या बसविलेली शिडी कितीही स्वस्त असली तरी ह्या कामाची नव्हे. पायाखाली गोणपाट घालण्याची जी रूढी आहे तीही तपासून पाहण्याजोगी आहे. गुळगुळीत फरशीवर पसरलेले गोणपाट शिडीला थांबवीत नाही, उलट तेच तिच्यासह सरकते.

जमीनही सर्वत्र सारखी नसते. गोव्यात व कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर चिऱ्यांच्या अंगणावर शेवाळ धरते; तेथे शिडी ठेवण्यापूर्वी ती जागा खरवडून कोरडी करणे हे कामाचाच भाग समजले पाहिजे. माळव्यातील काळी माती ओली झाली की शिडीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अधिक रुतवते, आणि खाली बोटभर फरक पडला की वरचे टोक कितीतरी अधिक बाजूला कलते. अशा जागी दोन्ही पायांखाली एक रुंद, जाड फळी आडवी घालावी. उतारावर एका पायाखाली विटांचे तुकडे रचणे हा उपाय नसून अपघाताची तयारी आहे. एक पाय कमी-अधिक लांब करता येईल अशी सोय असलेल्या शिड्या मिळतात. उतारावरच्या वस्तीत नेहमी काम करणाऱ्याने तोच खर्च आधी करावा.

जमीन ठरली की लांबीचा हिशेब करावा. ह्यासाठी "दोन मजली", "तीन मजली" असे अंदाजी शब्द उपयोगाचे नाहीत. वरच्या खिडकीतून दोरीला दगड बांधून खाली सोडला की उंची मिळते. समजा, पहिल्या मजल्यावरील एका खिडकीचा उंबरठा जमिनीपासून ४.४ मीटरवर व वरची कड ५.८ मीटरवर आहे. माणूस पाय जेथे टेकवितो तेथून सुमारे १.८ मीटर उंचीपर्यंत तो आरामात काम करू शकतो. म्हणजे त्याचे पाय ४ मीटरवर हवेत. पण शिडीच्या अगदी टोकाच्या पायऱ्यांवर उभे राहावयाचे नसते. धरावयास आधार हवा, म्हणून पायांच्या वर निदान एक मीटर शिडी शिल्लक राहिली पाहिजे. तेव्हा टोक ५ मीटरवर टेकणार. चारास एक ह्या प्रमाणाने पाय भिंतीपासून १.२५ मीटरवर येईल, आणि शिडीची लांबी सुमारे ५.१५ मीटर भरेल.

येथे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, तीन-तीन मीटरच्या दोन भागांची सरकती शिडी ही सहा मीटरची शिडी नव्हे. दोन भाग एकमेकांवर निदान ०.९ मीटर तरी चढलेले असावे लागतात. तेवढे वजा जाता ५.१ मीटरच उरतात, आणि वरील कामाला ती थोडक्यात अपुरी पडते. हा "थोडक्यात" फारच फसवा असतो. चार बोटे कमी पडतात म्हणून दोन भागांची जोड आणखी ओढली जाते, किंवा माणूस शेवटच्या पायरीवर चवड्यांवर उभा राहतो. म्हणून विकत घेताना शिडीची एकूण लांबी न विचारता, वापरता येणारी लांबी विचारावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाच मीटरवर टेकणारे ते टोक नेमके खिडकीच्या काचेवर येते! काचेवर शिडी टेकविता येत नाही हे कोणीही सांगेल. परंतु हा विचार घरी कागदावर न करता जागेवर केला, तर मग ती चौकटीच्या कडेवर, पावसाच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या पन्हळीवर, किंवा मंगळुरी कौलांच्या पाखीवर टेकविली जाते. ह्यांपैकी एकही आधार भरवशाचा नाही. पन्हळ वाकते, कौल निसटते, आणि जुन्या शिंपल्यांच्या खिडकीची चौकट शंभर वर्षांच्या पावसाने आतून पोकळ झालेली असू शकते. ह्यावर उपाय दोन आहेत. शिडीच्या टोकाशी दोन्ही बाजूंस पसरणारा आडवा टेका बसवावा. तो खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीवर टेकतो, शिडीला काचेपासून दूर ठेवतो आणि आधाराची रुंदी वाढल्यामुळे ती बाजूस घसरत नाही. शिडी घेतानाच तिला असा टेका बसतो की नाही हे पाहावे.

दुसरा उपाय त्याहून साधा. पुसण्याला एक मीटर लांबीचा दांडा लावावा. मग त्याच खिडकीसाठी शिडीचे टोक उंबरठ्याच्या खाली, ४.२ मीटरवर पक्क्या भिंतीला टेकविता येते. माणसाचे पाय सुमारे ३.२ मीटरवर राहतात, दांडा उरलेली उंची भरून काढतो आणि शिडी सुमारे ४.३५ मीटरची पुरते. शिडीत हातभराहून अधिक बचत झाली, माणूस जवळजवळ एक मीटर खाली राहिला आणि काचेचा प्रश्नही सुटला. पुसणा जितका हलका तितका तो दांड्यावर अधिक चालतो. इटलीतून अमेरिकेस गेलेला एत्तोरे स्तेकोने हा स्वतः खिडक्या पुसण्याचा धंदा करीत असे. त्याने १९३० च्या दशकात हलका पितळी पुसणा तयार केला, आणि आजचे पुसणे त्याच धर्तीचे आहेत. हत्यार हलके केले की माणसाला कमी चढावे लागते, हे ह्या धंद्यातील माणसानेच ओळखले.

शिडी कशाची असावी, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे बांबूची शिडी सर्वत्र मिळते. गोव्यात तिला निसण म्हणतात. ती स्वस्त, हलकी आणि गावातच तयार होणारी. परंतु कोणतेही दोन बांबू सारखे नसतात. उन्हाने ते चिरतात, भुंगा आतून पोखरतो आणि पायऱ्या बांधणारी दोरी ओलीसुकी होऊन सैल पडते. घरी वर्षातून एकदा नारळ किंवा आंबे काढण्यास ती ठीक. रोज दहा ठिकाणी नेऊन ओल्या पायांनी चढण्यास ठीक नाही. लाकडी शिडी अधिक भरवशाची, पण जड. लाकडी शिडीला रंग मात्र कधीही देऊ नये. रंग लाकडातील चीर झाकतो, आणि जी चीर दिसत नाही तीच घात करते. पारदर्शक रोगण किंवा जवसाचे तेल पुरे.

ॲल्युमिनियमच्या शिड्या आता सर्वांत अधिक वापरात आहेत, आणि त्यास कारण आहे. ॲल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. ते गंजून पोखरले जात नाही, त्यास भुंगा लागत नाही, पाणी ते शोषीत नाही. पण एक दोष असा की ते विजेचे उत्तम वाहक आहे. आपल्या बाजारपेठांत दुकानांच्या दर्शनी भागावरून घरजोडणीच्या तारा, पाट्यांच्या दिव्यांच्या तारा, आणि गल्लीच्या तोंडाशी रोहित्राच्या तारा जशा लोंबतात, ते पाहिले की हा दोष लहान नाही हे कळते. शिडी उभी करताना ती तारेला लागते, चढताना नव्हे. म्हणजे अपघात होतो तो शिडी जमिनीवरून उचलीत असताना, दोन्ही हातांनी ती घट्ट धरलेली असताना. अशा जागी काचतंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, शिडीचा विचार करावा. ती कोरडी व स्वच्छ असेल तर विजेस अडविते. मात्र ॲल्युमिनियमपेक्षा ती जड व महाग असते, आणि ओल्या, मळक्या स्थितीत तिच्यावरही विसंबता येत नाही. बांबू व लाकूड हे विजेचे वाहक नाहीत ही समजूतही ते ओले झाल्यावर खोटी ठरते. तारांजवळचे काम वीज बंद करून घेऊनच करावे. ते होत नसेल तर ते काम नाकारावे.

प्रकारांविषयी थोडे. आपल्या पायांवर स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या घडीच्या शिडीला व्यवहारात "घोडा" म्हणतात. तळमजल्याच्या काचांसाठी आणि घराच्या आत तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. तिची दोन्ही अंगे पूर्ण उघडून अडणी बसविलीच पाहिजे. मिटलेल्या स्थितीत भिंतीला टेकवून ती वापरू नये आणि सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये. सरकती शिडी पहिल्या मजल्यासाठी. तिच्या भागांस एकमेकांत धरून ठेवणारे आकडे, दोरी व कप्पी ही तीन ठिकाणे घेताना आणि नंतर रोज पाहण्याची. तिसरा प्रकार दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींत शिरणाऱ्या शिडीचा. मिटल्यावर ती हातभर होते आणि दुचाकीवरही नेता येते, म्हणून नवख्या माणसास तिचा मोह पडतो. परंतु तिच्या प्रत्येक पायरीशी एक-एक खटका असतो, आणि साबण, धूळ व वाळू त्या नळ्यांत जाऊन बसते. प्रत्येक खटका बसल्याचे दररोज, प्रत्येक वेळी पाहण्याची शिस्त ज्याच्याजवळ आहे त्यानेच ती घ्यावी.

वाहून नेण्याचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण धंद्याच्या दृष्टीने तो निर्णायक असतो. जी शिडी नेणे त्रासाचे, ती घरी राहते, आणि कामाच्या जागी गिऱ्हाइकाकडे जी काही शिडी, स्टूल किंवा पिंप सापडेल त्यावर काम भागविले जाते. म्हणून शिडी घेण्यापूर्वी ती मिटल्यावर किती लांब होते, एका माणसाला उचलून जिन्याच्या वळणातून नेता येते का, आणि आपल्याजवळ हातगाडी, रिक्षा, टेम्पो ह्यांपैकी जे वाहन असेल त्यावर ती मावते का, हे दुकानातच पाहावे. माणूस एकटाच काम करणारा असेल तर एकट्यालाच तिला उभी करता आली पाहिजे. दोघांनी उचलावयाची शिडी एकट्याने घेणे म्हणजे दुसऱ्या माणसाचे वजन स्वतःच्या कमरेवर घेणे होय.

भाराचा आकडाही वाचावा. चांगल्या शिडीवर ती किती भार पेलते हे छापलेले असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या हलक्या शिडीची मर्यादा २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, मानतात. कसून कामाच्या शिडीची ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो. युरोपातील ईएन १३१ ह्या मानकाची २०१८ मध्ये फेररचना झाल्यापासून तेथे व्यवसायासाठी व घरगुती वापरासाठी असे दोनच वर्ग उरले असून दोहोंची भारमर्यादा १५० किलो आहे. व्यवसायाच्या वर्गाच्या कसोट्या मात्र अधिक कडक आहेत. भारतात शिड्यांच्या सुरक्षित वापराची संहिता आयएस ३६९६ च्या दुसऱ्या भागात, १९९१ मध्ये, दिलेली आहे. भार म्हणजे केवळ माणसाचे वजन नव्हे. दहा लिटर पाण्याची बादली दहा किलोंची, त्यात हत्यारे, ओले कपडे, जोडे. ७५ किलोंचा माणूस शिडीवर सहज ९० किलोंचा होतो. बादली हातात घेऊन चढणेच मुळात सोडून द्यावे. कमरपट्ट्याला अडकविलेल्या लहान डब्यात ओले फडके व पुसणा ठेवला की दोन्ही हात चढण्यास मोकळे राहतात.

ह्या सर्वांवरून नव्याने धंदा सुरू करणाऱ्यास एक साधा सल्ला देता येईल. एकाच उंच शिडीवर सगळी पुंजी घालू नये. माणसाच्या उंचीएवढा एक चांगला घोडा, रुंद रबरी पायांची व आडव्या टेक्याची एक सरकती शिडी, आणि दोन-तीन लांब दांडे, एवढे सामान बहुतेक कामांस पुरते. त्याहून उंच काचांसाठी शिडी हा मार्गच नव्हे. शुद्ध केलेले पाणी लांब पोकळ दांड्यातून वर चढवून जमिनीवरूनच काच धुण्याची पद्धत आता रूढ होत आहे. त्या पाण्यात क्षार नसल्यामुळे ते वाळल्यावर काचेवर डाग राहत नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांनी पहिला दंडकच असा घातला की, जे काम खालून होण्याजोगे आहे त्यासाठी वर चढू नये. आणि तेथील मार्गदर्शनात टेकलेल्या शिडीवर एका वेळी तीस मिनिटांहून अधिक काळ काम करू नये असे सांगितले आहे. शिडीचा उत्तम उपयोग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे ती केव्हा वापरू नये हे ओळखणे.

शिडी घेतली म्हणजे निवड संपली असे नाही. ती रोज सकाळी नव्याने करावी लागते. उभे दांडे वाकले आहेत काय, एखादी पायरी हाताने फिरविता येते काय, रबर झिजले आहे काय, आकडे पुरते बसतात काय, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. काम करताना कमरपट्ट्याचा आकडा दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ देऊ नये. काच हातभर बाजूला राहिली तर खाली उतरून शिडी सरकवावी. शक्य तेथे शिडीचे टोक पक्क्या आधाराला बांधावे. खाली एक माणूस पाय देऊन उभा आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नये, कारण रेटा वाढला की तो माणूस शिडीला थांबवू शकत नाही, तिच्याखाली मात्र सापडू शकतो. आणि शिडी निकामी ठरली की ती भंगारवाल्यास अखंड देऊ नये. तिचे करवतीने दोन तुकडे करावेत. नाहीतर आपण टाकून दिलेली शिडी दुसऱ्या कोणा गरजूच्या हाती लागते, आणि आपल्याला ठाऊक असलेला दोष त्याला पडल्यावर कळतो.

शेवटी एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत अवघड आहे. धंदा वाढला की शिडी विकत घेणारा एक आणि तिच्यावर चढणारा दुसरा, असे होते. चढणारा बहुधा वयाने लहान, नव्यानेच कामाला लागलेला, घरी पगाराची वाट पाहणारी माणसे असलेला असतो. रबर झिजले आहे हे त्याला दिसते, पण मालकाला सांगण्याचा धीर होत नाही. "जरा सांभाळून चढ रे," असे मालकाने खालून सांगितले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले असे नव्हे. सांभाळण्याचे पुष्कळसे काम शिडी घेतली त्या दिवशीच दुकानात झालेले असते किंवा राहून गेलेले असते.

म्हणून शिडी पारखण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त कसोटी हीच. मालकाने नवी शिडी ओल्या फरशीवर मापाप्रमाणे उभी करावी, टोक बांधून घ्यावे, आणि प्रथम स्वतः तिच्यावर चढून खाली पाहावे. जेथे स्वतःचा पाय कचरतो, तेथे दुसऱ्याच्या मुलाला चढवू नये. जी शिडी ह्या कसोटीला उतरेल ती घ्यावी. ती थोडी महाग असेल, थोडी आखूडही असेल. परंतु संध्याकाळी काच पुसून झाल्यावर तीच शिडी खांद्यावर घेऊन तो मुलगा आपल्या पायांनी घरी परतेल.